मोटारीचा टायर आणि एक निरोप

बाबा,

आज सकाळी नातवाने फोनवर एक चित्र दाखवलं. "आजी, ये देखो, लोक मोटारसायकलला कारचा टायर लावून राहिले. पागल आहेत ना?" मी चष्मा लावून पाहिलं. कुठल्या तरी परदेशातली भलीमोठी गाडी, आणि मागच्या चाकाला रुंद, चपटा टायर. मी म्हटलं, तुझ्या पणजोबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतच लावला होता, इथेच, जबलपुरात. त्याला पटेना. मग त्याने एकावर एक प्रश्न विचारले आणि मी नेहमीसारखं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तुम्हाला लिहिते आहे, कारण ते तुमचंच होतं. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी तुमच्यासाठी माझ्याजवळ एक निरोप दिला होता. तो मी तुम्हाला दिला नाही, आणि तुमचा पाय कायमचा अधू झाला. बस, एवढंच. पण एवढं लिहायला मला ऐंशीच्या पुढे यावं लागलं.

तुम्हाला आठवत असेल, रबर सगळं लढाईवर जात होतं. मोटारसायकलचा टायर अख्ख्या मध्य प्रांतात शोधून मिळेना आणि तुमच्या गाडीचा मागचा टायर तर इतका झिजला होता की आतलं कापड दिसू लागलं होतं. तुम्ही ढोरांचे डॉक्टर. आज मझौली, उद्या बरगी, गाडी थांबली की सगळंच थांबणार. त्यातच एका वकिलांच्या म्हशीचं अडलेलं बाळंतपण तुम्ही सोडवलंत. त्यांची छोटी मोटार पेट्रोलअभावी अंगणात विटांवर उभी होती. त्यांनी खुशीने तिचा एक टायर काढून दिला, आणि योगायोग असा की तुमच्या मागच्या चाकावर तो बसण्यासारखा निघाला. मिस्त्रीचाचांनी साबणाचं पाणी लावून, लोखंडी पट्ट्यांनी रेटून, घाम गाळून तो चढवला. मी शेजारी उभी होते. तुम्ही टायरवर हात फिरवलात, एखाद्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि म्हणालात, "टायरला काय मालूम, तो कोणाखाली आहे." चाचा हसले. म्हणाले, "साइडकार लगी है साहब, तो चलेगा." ते वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

त्या साइडकारमध्ये, गाडीच्या बाजूला जोडलेल्या त्या एकचाकी डब्यात, रोज सकाळी मी बसते. मांडीवर दप्तर, पायाशी औषधांची पेटी, फिनाइलचा वास, आणि कधी कधी शेजारी एखादं आजारी करडू. ते करडू वाटभर माझ्या वेणीची रिबीन चावत असतं. लहान होते तोवर मला राणी असल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण चौदावं वर्ष लागलं आणि माझं डोकं फिरलं. शाळेच्या फाटकाशी पोरी उभ्या असायच्या. "देखो, बकरी आ गई," असं त्यातली एक म्हणायची आणि बाकीच्या तोंडावर पदर घ्यायच्या. टायर बदलल्यावर तर गाडी मागून आणखी बेढब दिसू लागली होती. एके दिवशी मी हट्टच धरला, त्या डब्यात मी बसणार नाही. तुम्ही जेवत होता. आईने डोळे वटारले. तुम्ही वरणात भात कालवत विचारलंत, "काहून वं? करडू चावलं का?" मी रडायलाच लागले. तुम्ही घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "चलो, काढून टाकू साइडकार. पेट्रोलही वाचेल. पेटी मागे बांधता येईल." तुम्ही मला समजावायला हवं होतं, रागवायला हवं होतं. दही सांडलं की रागवायचात, शुद्धलेखन चुकलं की रागवायचात, आणि नेमकं तेव्हा रागावला नाहीत.

साइडकारचे नट उघडायला मोठा पाना हवा होता, म्हणून शनिवारी शाळेतून येताना तुम्ही मला मिस्त्रीचाचांकडे पाठवलंत. त्यांनी पाना कागदात गुंडाळून दिला आणि कशासाठी हवा ते विचारलं. मी सांगितलं. ते हातातलं काम टाकून उभे राहिले. "बिटिया, बाबूजी से कहना, अभी साइडकार मत निकालें. पीछे मोटर का टायर है. उसका तला चपटा है, गाड़ी मोड़ पर झुकेगी नहीं, सीधी भागेगी. पुराना टायर मेरे पास पड़ा है, आठ दिन में जोड़-जाड़ के चढ़ा दूँगा. तब निकालें." मी मान डोलावली. ते म्हणाले, "बोलो, क्या कहोगी?" मी पढवलेल्या पोपटासारखं सगळं म्हणून दाखवलं. तेव्हा विसरले, कळलं नाही, लहान होते, यातलं काहीच मला म्हणता येत नाही.

आठ दिवस, बाबा. सोमवारी शाळेत बक्षिसं वाटायची होती, सगळ्या पोरी आपापल्या घरच्यांबरोबर येणार होत्या. आणखी आठ दिवस त्या करडाशेजारी बसून जायचं माझ्या जिवावर आलं. वाटेत मी मनाशी ठरवलं, निरोप सोमवारनंतर देऊ. घरी आल्यावर पाना तुमच्या हातात ठेवला. तुम्ही विचारलंत, "मिस्त्री काही बोलले?" मी म्हटलं, "नाही." रविवारी तुम्ही अंगणात बसून, शीळ घालत, एकेक नट उघडलात. ती गाडी तुम्ही घेतलीत तीच साइडकारसकट. साइडकारवाली गाडी वळणावर झुकवावी लागत नाही, आणि नुसती गाडी तुम्ही कधी चालवलीच नव्हती. तुम्हाला कुठून कळणार होतं?

सोमवारी साइडकार नव्हती, म्हणून मी शेजारणीबरोबर टांग्यात बसून शाळेत गेले. मला बक्षीसही मिळालं, हस्ताक्षराचं. तुम्ही बरगीच्या रस्त्याला लागला होता. पुलाआधीच्या वळणावर तुम्ही गाडी वळवू पाहिलीत आणि ती वळली नाही. कडेच्या दगडांवर आदळलात. गाववाल्यांनी तुम्हाला बैलगाडीत घालून आणलं. मी घरी पोचले तेव्हा आई अंगणात उभी होती आणि माझ्या हातात तो बक्षिसाचा कागद होता. तो मी कुठे ठेवला, आजतागायत आठवत नाही.

तुम्ही तीन महिने खाटेवर होता. मिस्त्रीचाचा तुम्हाला बघायला आले तो दिवस मात्र मला अगदी आठवतो. मी चहा घेऊन दाराशी पोचते आणि आतून त्यांचा आवाज येतो, "साहब, मैंने तो बिटिया से कहलवाया था." तुम्ही म्हणता, "मिला था संदेसा, भैया. मैंने ही जल्दी कर दी." नंतर तुमची नजर दारावर येते, मी दिसते, आणि तुम्ही कप हातात घेऊन एक घोट पिऊन म्हणता, "साखर कमी झाली, पोरी." मी साखर आणायला आत गेले आणि चुलीपाशी बसून राहिले. साखर शेवटी आईने नेऊन दिली.

पायात लंगडेपणा राहिला. फिरती गेली, तुम्हाला दवाखान्याच्या कोठीत औषधांच्या बाटल्या सांभाळायला बसवलं. मझौलीचे लोक जनावर आजारी पडलं की तरीही तुमच्याकडेच माणूस पाठवत. तुम्ही खुर्चीतून उठू पाहायचात आणि परत बसायचात. ते मी रोज पाहिलं. त्यानंतर तुम्ही बावीस वर्षं जगलात. माझं लग्न करून दिलंत, माझ्या मुलांना मांडीवर घेतलंत. बावीस वर्षांत एकदाही तो विषय काढला नाहीत. मी लोकांना अभिमानाने सांगते, माझ्या वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. खरं तर मी तुम्हाला तशी संधीच दिली नाही. बोल लावला असता तर मला रडता आलं असतं, तुमच्या पायाशी बसता आलं असतं. तुम्ही मला वाचवलंत आणि एकटी पाडलंत. असा राग धरायचा मला काही अधिकार नाही, पण तो आहे.

एक कबुली राहिली. तुम्ही कसे पडलात, असं शाळेतल्या पोरींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, रस्त्यात गाय आडवी आली. पुढे सासरी तेच सांगितलं, मुलांना तेच सांगितलं. जन्मभर ढोरांची सेवा केलीत तुम्ही, आणि मी त्या मुक्या जनावरावर आळ घेतला. हे तुम्हाला पायापेक्षा जास्त लागलं असतं. आज सकाळीही नातवाने विचारलं, "फिर पणजोबा गिरे कैसे?" आणि माझ्या तोंडून तीच गाय निघाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मलाही कळतं. निदान त्याला तरी खरं सांगावं, असं लिहिता लिहिता दहादा मनात आलं. तो पलीकडच्याच खोलीत आहे, दार उघडं आहे. मी अजून उठलेले नाही.