बस कापायची नाही

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
पिंपरी. मुलांच्या वॉर्डात गेलो. कंपनीत रद्द झालेल्या ड्रॉइंगची गुंडाळी साहेबांना विचारून घेतली होती, मागची बाजू कोरी. मुलांना उठता येत नाही, म्हणून कागदच एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सरकतो. सगळ्यांचा मिळून एक रस्ता, चाकण ते पिंपरी. मी ड्राफ्ट्समन. सवयीने पट्टी लावून सरळ आखून दिला. शकू (कुरुळीची, नऊ वर्षं, पायाला वजनं टांगलेली) ओरडली, "काका, असा सरळ न्हाई आमचा रस्ता! हितं चढ हाय." खोडला.
निघताना तिने विचारलं, "मंदी बरी हाय का घरी?" हो म्हणालो.
माझी मंदा दिवाळीत गेली, शकूच्याच शेजारच्या खाटेवर. वॉर्डात मुलांना सांगतात, घरी गेली.

१० फेब्रु.
रस्ता अकरा फूट झाला. शकूच्या कांद्याच्या गाडीचा बैल हसतोय. पलीकडच्या खाटेवरच्या रघूने कंपनीची बस काढली, आतले सगळे झोपलेले. "रात्रपाळी सुटलीय, काका. ड्रायव्हर तेवढा जागा ठेवलाय." मोठ्याने हसलो.
घरी कुसुमला सांगितलं. ती जेवण वाढत राहिली. "त्याच वॉर्डात कशाला जाता?"

१७ फेब्रु.
रघू गुरुवारी गेला. मुलांना सांगितलंय, घरी गेला. मेट्रनबाईंनी कात्री आणली. "बस तेवढी कापून घ्या. ती बघून मुलं सारखी रघूचं विचारतात."
"नाही कापणार."
"तुम्ही कोण त्याचे?"
"कोणी नाही. मंदाचा बाप."
त्यांनी ओळखलं. मग हळू म्हणाल्या, "वरून हुकूम आहे हो. रविवारपर्यंत कापा, नाहीतर सगळंच घेऊन जा."
शकूजवळ बसलो. खरं सांगितलं. रघूचं, मंदाचंही. ती चिडली. "मग मला खोटं का सांगितलंत? मी तिच्यासाठी कागदावर जागा सोडली व्हती!"
चुकलं माझं, म्हटलं.

२३ फेब्रु.
हॉस्पिटलच्या ऑफिसात पत्र दिलं. कापणार नाही, नेणारही नाही. चित्र मुलांचं आहे. तोंडी उत्तर, उद्यापासून तुम्हाला प्रवेश बंद.
कुसुम म्हणाली, "अहो, पत्रावर माझी सही का नाही घेतलीत? आई आहे मी तिची."
खाली जागा होती. सुचलंच नाही.

२४ फेब्रु.
दोघंही गेलो. गेटवरचा म्हणाला, "साहेब, माझी नोकरी जाईल." त्याला म्हटलं, भाऊ, आम्ही आत येत नाही, इथून जातही नाही. पायरीवर बसलोय. इथेच लिहितोय.
आत्ता शकूचे वडील बाहेर आले. हसू आवरत नव्हतं. "राव, आत निराळीच गंमत. बाई कात्री घेऊन आल्या, तर पोरांनी कागद पांघरून घेतला! चार खाटांवर मिळून एकच. कुणी सोडंना."
कुसुमने विचारलं, "मग?"
"मग काय. बाई उभ्या हायेत."