विचारून आणलेला काठ

बाबा,

तुम्ही संत्र्यांच्या टोपल्या विणायचे, त्याच ओसरीत बसून मी आता डिजरिडू बनवते. हसू नका. ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांचं ते लांबलचक फुंकायचं वाद्य आहे. आवाज हुंकारणाऱ्या बैलासारखा. तिकडे म्हणे वाळवीच झाडाचं खोड आतून पोखरून देते. जिच्यापायी तुम्ही जन्मभर बांबूला धूर दिला, ती तिथे कारागीर. मी तापल्या सळईने बांबूच्या गाठी फोडते, फुंकायच्या तोंडाला मेण लावते आणि नागपूरच्या दुकानदाराने पाठवलेला फोटो बघून वर सरडा आणि ठिपके रंगवते.

त्या ठिपक्यांपाशीच माझा घोळ होतो. मी दहाएक वर्षांची असेन. जाम नदीपलीकडे सावरगावात एक म्हातारबा टोपल्या विणायचे. त्यांच्या काठाची हिरवी-पिवळी वेणी मला आवडली, म्हणून तशीच आपल्या टोपलीला घातली. तुम्ही आलात, बघितलं आणि सगळा काठ उसवला. "हे काय करून राहिली तू? हा काठ त्याच्या घरचा हाय. आपल्या तीन लाल कामट्या हायेत ना? हाच पाह्यजे असंन तं आधी त्याले इचारून ये." मी रडत नदी ओलांडली. म्हातारबा हसले. "घे न बाई, त्यात काय?" वर वेणी कशी घालायची तेही दाखवलं. परत आले तर तुम्ही नव्या कामट्या काढायला कोयता माझ्या हातात दिला.

आता कुणाला विचारू? दुकानदाराला विचारलं, हे ठिपके कुणाचे? तो म्हणाला, "डिझाईन हाय ताई, कोणाचं काय असते?" त्याचंही खरं वाटतं. मग वाटतं, तो सरडा कुणाच्या तरी घरचा काठ असेल. विचारलं असतं तर त्या घरचेही हसून घे म्हणाले असते, किंवा नसतेही. एका डिजरिडूवर नुसते आपले तीन लाल पट्टे काढून ते पाठवलं, तर दुकानदाराने परत केलं. शेवटी सगळ्यांवर सरडा, ठिपके आणि खाली आपले तीन पट्टे काढले. हे माझ्या हातचं आहे एवढंच त्यातून सांगितलं, की दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव घातलं, मला खरंच कळत नाही.

उद्या माल जाईल. तुम्ही असता तर सगळं खरवडायला लावलं असतं. आज शेवटचा ठिपका देताना, तुम्ही नाही याचं मला जरा बरं वाटलं.