लिंबोणीच्या बुडातले खिळे

बाबा, तुमची लिंबोणी वाचली. आधी हेच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल.

हुडको कॉलनीतल्या आपल्या घराच्या अंगणात ती पिवळी पडायला लागली, तेव्हाचे तुम्ही मला लख्ख आठवता. नर्सरीवाला पान बघून म्हणाला, हिला लोह कमी पडतंय, आणि तुम्ही असे भडकलात, जणू त्याने आपल्या कुळालाच नाव ठेवलं. उभा जन्म पोलाद कारखान्याच्या भट्टीवर गेलेला माणूस! "अख्ख्या देशाले लोखंड देऊन राहिलो, अन् माह्या घरच्या झाडाले कमी पडन?" औषध न घेताच परत आलात आणि डबाभर गंजके खिळे बुंध्याशी पुरलेत. वर दिवाळीच्या रंगकामातला उरलेला चुना ओतलात, मुळांना कीड लागू नये म्हणून. मग दरवर्षी तेच. आई म्हणायची, "झाड हाये का हार्डवेअरचं दुकान?"

तुम्ही गेल्यावर तर ती फळच धरेना. गेल्या वर्षी तुमची सून म्हणाली, "तोडून टाका न आता, स्कूटी ठेवाले जागा होईन." तिचंही चूक नव्हतं. पण मला तिथे तुम्ही बनियनवर उकिडवे बसलेले दिसता, हातात खुरपी. ते झाड मला हवंच होतं. एक डहाळी घेऊन मी त्याच नर्सरीत गेलो. नर्सरीवाला आता म्हातारा झालाय. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जुनी पानं ठीक, म्हणजे लोहच, म्हणाला. मग विचारतो, "चूना-वूना तो नहीं डालते?" मी हसतच सुटलो. मातीत लोखंड होतं, पण चुन्याने ते असं कोंडलं की मुळांना घेताच येईना. एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्याने ताटावर झाकण ठेवायचं, बाबा!

वरची माती बदलली, शेणखत घातलं. हिराकस, म्हणजे लोहाचंच मीठ, पाण्यात चिमूटभर विरघळवलं, त्यात लिंबू पिळलं आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारलं. लिंबोणीसाठी लिंबू विकत आणावं लागलं आणि फरशीवर डाग पडले म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळीच. पण पुढची पालवी आली ती हिरवीगार. मी आनंदाने ओरडलोच. आता लिंबं लागलीत. काल तुमच्या सुनेनेच सरबत केलं, पहिला पेला तुमच्या फोटोपुढे ठेवला.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. चुना कायमचा बंद केलाय, पण या दिवाळीला मी बुंध्याशी एक खिळा पुरला. तुमच्या सुनेने पाहिलं. "हे कावून?" मी म्हणालो, "मुळाले हवा लागते." खोटं बोललो, बाबा.