अंगठा नको

दिघी,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

ताई,

नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. इकडं आमचं दोघांचं बरं चाललंय. काल संक्रांत झाली, पण तिळगूळ पाठवत नाही, कारण या पत्रात मला गोड बोलायचं नाहीये. फोन केला की तू दुसऱ्या वाक्याला कापतेस, आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं की मामापासून सगळे न्यायाधीश होतात. म्हणून कागद. दहावीनंतर एवढं लिहायला पहिल्यांदाच बसलोय, चुका काढत बसू नको.

तुझा निरोप मिळाला. आईला शुश्रूषा केंद्रातून बाहेर काढायचा हक्क मला कुणी दिला, आणि रविवारी तुम्ही गाडी घेऊन येणार, तिला परत तिथं नेऊन ठेवणार. बरं. हक्काचंच बोलू.

त्या दिवशी मी इंदूरला नवा ट्रक पोचवून परत आलो होतो. (सेंधव्याच्या घाटाखाली एक म्हातारा मक्याची कणसं भाजतो, लिंबू असं चोळतो की काय सांगू. असो.) चाकणला कागद जमा केले आणि सरळ केंद्रात गेलो. आईचे ओठ पार फाटलेले, आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला. मी पेला पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं रुसली. दोन महिन्यांत दुसऱ्यांदाच जात होतो, रुसणारच. शेजारच्या खाटेवरच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "रुसायला काय झालंय? ती दुपारनंतर पाणीच पीत न्हाई. संध्याकाळी कामाची बाई घरी जाते, मग लघवीचं भांडं द्यायला बाप्या येतो."

कळलं का ताई? परक्या पुरुषानं लुगड्याला हात लावायला नको, म्हणून आपली आई तहानलेली पडून राहायची. तो माणूस वाईट नव्हता. "काकूंना मी आईच समजतो," म्हणाला मला. पण तिला विचारलं होतं का कुणी, की तुला हा मुलगा चालेल का?

मॅनेजर म्हणाला, ज्यांनी दाखल केलं त्यांची सही लागेल, ताईंना घेऊन या. मी म्हणालो, "साहेब, ही बाई आहे, ट्रक नाही, की ज्याच्या नावाचं चलन त्यालाच डिलिव्हरी." तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. त्यांनी आईला नाव विचारलं, वार विचारला, मग माझ्याकडं बोट करून "हे कोण?" आई म्हणाली, "भटक्या." बाई हसल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या, "लकवा हातापायाला मारलाय, डोक्याला नाही. कुठं राहायचं ते त्या स्वतः सांगू शकतात. घरी काय काय करावं लागेल ते मी मुलाला शिकवते, पण निर्णय त्यांचा." आणि त्यांनी आईला विचारलं. लकव्यापासून तिचे शब्द अर्धेच बाहेर येतात. हा अख्खा आला. "घरी."

मॅनेजरनं शाईचं पॅड सरकवलं. आईनं डाव्या हातानं ते परत ढकललं. "अंगठा नको." कँटीनमध्ये पोळ्या लाटायला होती तेव्हा पगाराला बाकीच्या बाया अंगठा द्यायच्या, आणि हिनं तुझ्या पाटीवर सही शिकून घेतली होती, आठवतं ना? तीच सही डाव्या हातानं करत बसली. मॅनेजरनं दोनदा घड्याळ बघितलं. 'कौ' ओळीच्या बाहेर गेला, 'ल्या' जवळजवळ टेबलावर उतरला. पण सही झाली.

तर मला हक्क असा मिळाला. तिला दाखल करताना तुला कुणी दिला होता?

माझंही सांगतो. तू फोन केला होतास, मी धुळ्याजवळ होतो. "कर तुला पटेल ते," म्हणालो आणि फोन ठेवला. आईला विचार, असं मीही म्हणालो नाही. आणि त्याआधी चार महिने तू तिला माणला सासरी ठेवलंस, सासूबाईंचं "लेकीच्या घरी किती दिवस" ऐकलंस, तेव्हा मी रस्त्यावर कणसं खात होतो. ते मी नाकारत नाही. तू थकलीस. थकायचा तुला हक्क होता. पण आता तिला उचलून न्यायचा नाही.

तू म्हणशील, तू पुरुष, तू तिचं काय करणार? शालनबाई, आईच्या कँटीनमधली, सकाळ-संध्याकाळ येते. अंघोळ तीच घालते. मी लांबच्या गाड्या सोडल्या, कंपनीच्या स्टाफची बस धरली. मी बसवर असतो तेव्हा ती घरात, ती गेली की मी.

शालनबाई म्हणाली होती, पहिल्या दिवशीचं ताईला लिहू नको. लिहितो. दुपारी आईनं अंथरूण भरवलं. मी उंबऱ्यात उभा. तिनं डोळे मिटून घेतले, म्हणाली, "शालन." बोलावून आणतो म्हणून गाडी काढली आणि शालनबाईच्या दारावरून तसाच पुढं गेलो. आळंदीला जाऊन थांबलो. तिथं एकजण जेसीबी धूत होता, ते बघत बसलो. अडीच तास. परत आलो तर शालनबाईनं सगळं आवरलं होतं. म्हणाली, "आलास? चहा ठेव." बाकी काही नाही.

आणि आईनं पाणी पुन्हा बंद केलं. घरात. माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन बसलो. म्हणालो, "आई, तू पदर तोंडावर घे. मी कामापुरतं बघीन आणि तोंडानं इंदूरचा रस्ता सांगत राहीन." तिनं डाव्या हातानं पदर ओढला. तेव्हापासून असंच चालतं. चाकण, राजगुरुनगर, मंचर... संगमनेरपर्यंत माझं काम उरकतं, पण ती धुळ्यापर्यंत थांबू देत नाही. परवा मंचरवरून डायरेक्ट आळेफाट्याला गेलो तर पदराआडून आवाज आला, "नारायणगाव."

काल तिनं मागून पाणी घेतलं. दोन पेले.

रविवारी या. दाजींना आण, हवं तर मामालाही आण. पण तिच्या खाटेशी बसून आधी तिला विचार, आणि ती काय म्हणाली ते सगळ्यांसमोर तूच मोठ्यानं सांग. तिकडं जायचं म्हणाली तर मी स्वतः तिला सोडून येईन. इथंच म्हणाली तर तुमची गाडी रिकामी जाईल, आणि मी दारातून हलणार नाही.

तुझा भाऊ,
या रविवारी आणि पुढच्याही रविवारी घरीच असणारा,
सुजित