दादाचा बोल्ट

२ फेब्रुवारी, रविवार
ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल चहासारखं दिसतंय, तेही दूध जास्त झालेल्या. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, काका, हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय, गाडी इथेच सोडा. सोडतोय! दादाची गाडी आहे ही. याच गाडीवर त्याने मला चालवायला शिकवलं आणि डोळे अधू झाल्यावर किल्ली माझ्या हातावर ठेवली. परक्याचा हात लागू देणार नाही. आपला हात जगन्नाथ. व्हिडिओही पाहिलाय, सोपं आहे.

संकल्प: पुढच्या रविवारी हीच गाडी घेऊन दादाकडे. त्याला जरा अशक्तपणा आलाय. एक चक्कर मारून आणली की टवटवीत होईल. फोनवर तसं सांगूनही टाकलं. वाट बघतो म्हणाला.

५ फेब्रुवारी
काम सुरू. बोनेट उघडलं. बोल्टांना तेल सोडलं. तेल मुरावं लागतं. पी हळद आणि हो गोरी असं इंजिनात चालत नाही. चहा घेतला.
ही म्हणाली, अहो, बसने जाऊन या की, बस दारावरून जाते. हिला यंत्रातलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
हेड निघालं, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण! उचलताना कमरेत उसण भरली. त्याखालचं पत्र्यासारखं गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळून काळं पडलंय. लगेच दादाला फोन केला, म्हटलं आजार सापडला. तो म्हणाला, माझा का रे? खूप हसलो. विनोद अजून तसाच आहे, म्हणजे तब्येत उत्तम.
उद्याचं जाणं पुढच्या रविवारवर.

११ फेब्रुवारी
हेड लेथवाल्याकडे सपाट करायला दिलं. वहिनीचा फोन. डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलावून घ्या. वहिनीला पहिल्यापासून घाई. दूध वर यायच्या आधीच गॅस बंद करणारी बाई. गाडी झाली की निघतोच, म्हटलं.

१४ फेब्रुवारी
लेथवाल्याचा निरोप, हेड तयार आहे. कमरेमुळे गेलो नाही. ही म्हणाली, बाजारात जाताना बरी दुखत नाही ती कंबर. कमरेला शेक घेतला.

१६ फेब्रुवारी, रविवार
हेड आणायला गेलो. दुकान बंद. रविवार आहे हे आधी कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. जाणं राहिलं. दादाला फोन केला नाही. झोपला असेल, उगाच कशाला उठवायचं.

१९ फेब्रुवारी
शेवटी हेड आणलं. नवं गॅस्केट इंजिनावर पसरलं, तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. दादा! मागून पिशवी घेऊन वहिनी. बसने आले, स्टँडवरून टॅक्सी. म्हणाला, धाकट्या, तुझी गाडी काही येत नाही, म्हटलं आपणच जाऊन बघावं कुठे अडलीय.
बारीक झालाय. तसा बारीकपणा शोभतो त्याला. सदरा तेवढा मापाचा घ्यायला हवा. पट्ट्याला घरीच खिळ्याने नवं भोक पाडलंय.
उलट्या बादलीवर बसला. गॅस्केटवर बोट फिरवलं आणि म्हणाला, अक्षरं खालच्या अंगाला गेलीत रे, याला पालथं का निजवलंस, दमलंय का ते? पाहिलं, तर खरंच उलटं. म्हटलं, तुझी परीक्षा बघत होतो. म्हणाला, पास झालो का?

२० फेब्रुवारी
हेड बसवलं. बोल्ट मधून कडेकडे आवळत जायचे, टप्प्याटप्प्याने. टॉर्कचा पाना आणलाय. ठरलेला जोर पोचला की टक् वाजतो. शेवटचा बोल्ट दादाने मागून घेतला.
ओढला. पाय रोवून पुन्हा ओढला. मानेच्या शिरा वर आल्या. वहिनी दारातून बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, मला हल्ली ऐकू कमी येतं, वाजला का रे?
म्हटलं, वाजला. खणखणीत वाजला.
तेल-पाणी भरलं. गाडी चालू झाली! दादाला शेजारी बसवून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. खिडकीवर कोपर टेकून बसला होता, मी शिकत असताना बसायचा तसा. क्लच हळू सोड म्हणाला. सोडला.
उद्या गाडीनेच घरी पोचवतो, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

२१ फेब्रुवारी
सकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं. त्याच बोल्टाच्या कोपऱ्यातून. पाना लावून एक ओढ द्यायची, बस्स. पण दादा बूट घालून दारात उभा. त्याच्यासमोर त्याच्याच बोल्टाला पाना कसा लावायचा? म्हटलं, पाइप फुटलाय, नवा मागवावा लागेल.
बरं म्हणाला. बसने गेले. खिडकीतून म्हणाला, रविवारी ये, गाडी घेऊन ये. म्हटलं, आलोच समज.

२३ फेब्रुवारी, रविवार
पाना बोल्टावर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.
आता आवळला तर वाजेल. म्हणजे त्या दिवशी वाजला नव्हता असं होईल.
ही म्हणाली, अहो, निदान आज तरी बसने जा. म्हटलं, उद्या सकाळी आवळतो आणि निघतो. नक्की.

२६ फेब्रुवारी
सकाळी वहिनीचा फोन. सावकाश बोलली. आज पहिल्यांदाच तिला घाई नव्हती.
दोघं निघालो. बस दारावरूनच मिळाली. जागाही मिळाली.

९ मार्च
गॅरेजवाला डोकावून गेला. वाकून बघितलं, म्हणाला, काका, एकच बोल्ट सैल आहे, आवळून देऊ का, पैसे नकोत. नको म्हटलं. पाण्याची बाटली हिनेच भरून सीटवर ठेवली.
पाणी घालून निघालं की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येता येतं. क्लच हळू सोडतो.