चुन्याची वाकडी रेघ

वोल्फेम, झेन्नेकाठ
४ मार्च १९७४

ती. गोदेलीव्हताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझा बिस्किटांचा डबा पोचला. झाकण उघडताच लोण्याचा असा घमघमाट सुटला, की तळघरातले कोळीसुद्धा जाळी सोडून वर डोकावले असावेत. फ्लू गेला. तीन आठवडे अंथरुणात काढून मी आता पूर्ववत निरुपयोगी झालो आहे. पंधरवड्यात ग्युझचं मिश्रण जुळवायला घेईन. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लांबिक बिअरची एकोणीस पिंपं माझी वाट पाहत आहेत.

लुतगार्द बाटल्या धुते आहे. लेक चोविशीत आली. बोलते कमी, बघते फार. हा गुण आपल्या घराण्यातला नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ पिंपातल्या मालासारखा असावा, जुना होईल तसा चढता.

तुझा
आंसेल्म

ओस्टेंड
९ मार्च

चि. आंसेल्म यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

त्या डब्यात वर्षभर सुकी मासळी होती. मला हे डबा रवाना झाल्यावर आठवलं. पाठवण्यापूर्वी तुझ्या भाऊजीने, एमिलने, त्यातलं एक बिस्कीट चोरलं होतं. आज कबूल करतो, की ते त्याने मांजराला घातलं. मांजर खूश आहे. आणि तुला लोण्याचा घमघमाट आला!

बाळा, तुझं नाक गेलं आहे. ते लपवून तू पिंपं जुळवणार? एक बिघडलेलं पिंप मिश्रणात पडलं, तर तीन वर्षांची मेहनत ओढ्यात ओतावी लागेल.

मी यावं असं तुझ्या मनात येईल. मी येणार नाही. दहाव्या वर्षी मी डोळे बांधून पिंपं ओळखत असे. बाबा म्हणाले होते, की नाक पोरीचं चांगलं, पण जुळवणाऱ्याचा कुंचला पोराच्याच हाती शोभतो. मग मी बाटल्या धुतल्या आणि पुढे लग्न करून कोळंबीच्या गावी आले. राग नाही. थोडा आहे. तुझ्याकडे बाटल्या कोण धुतं आहे, ते तूच लिहिलं आहेस.

आशीर्वाद आहेतच; लायक वागलास तर वाढवीन.

गोदेलीव्ह

वोल्फेम
२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

धपाटा पावला. तीन दिवस मी तुझ्यावर रुसलो, चौथ्या दिवशी तळघरात जाऊन लुतगार्दला सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबा, मला फ्लूपासून ठाऊक आहे. सात नंबरच्या पिंपाचा शिरका झाला होता आणि तुम्ही त्याला फुलासारखं म्हणालात. मग विचारलं, की आता बाजूला सरता का, तुमची सावली पेल्यात पडते आहे.

मी स्टुलावर बसलो. दोन दिवस ती एकेका पिंपापाशी नाक नेत होती, घोट घेत होती, थुंकत होती. सात नंबर काढला. मग अकरासुद्धा काढला. मी कळवळलो, तर म्हणाली, तो तुमच्या लाडाचा आहे, एवढाच त्याचा गुण. तेराव्यातलं थोडं, चौथ्यातलं भरपूर, असं करत तिने जे जुळवलं, त्याचा मला वास नाही आला. पण जिभेच्या कडेला आंबटपणा असा सरळ उभा राहिला, की मला बाबा आठवले.

आडव्या रचलेल्या बाटलीची वरची बाजू कळावी म्हणून जुळवणाराच तिच्यावर चुन्याची रेघ ओढतो, ही आपली रीत. मी कुंचला तिच्या हाती दिला. तिच्यासमोर कौतुक केलेलं नाही, डोक्यात जाईल. म्हणून तुला लिहितो. माझी छाती दारात मावत नाही.

धाकट्यावर लोभ ठेवावा, त्याच्या नाकावर नको.

आंसेल्म

ओस्टेंड
१३ एप्रिल १९७५

चि. आंसेल्म यास अनेक आशीर्वाद, वाढीव.

वर्षभर थांबून लुतगार्दची पहिली बाटली काल उघडली. एमिलने पेला रिकामा केला आणि उठून स्वतःच विसळला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, हे प्रथमच घडलं. मी डोळे मिटून वास घेतला. चौथं पिंप खिडकीखालचं आहे ना? मला ओळखू आलं.

बाबांची रेघ सरळ असे, तुझी त्याहून सरळ. ही चांगलीच वाकडी आहे. म्हणजे पोरीने तुला हात धरू दिला नाही. छान केलं.

बाटली रिकामी आहे, पण धुतली नाही, रेघ जाईल. फडताळात आडवीच ठेवली आहे, रेघ वर करून.

लुतगार्दला माझं कौतुक वाचून दाखव. डोक्यात जाऊ दे.

गोदेलीव्ह