तुझी ट्यूब कापली

ता. ९, मंगळवार, जेवण उरकल्यावर

चि. खारूताईस,

आशीर्वाद. भरपूर आहेत, मोजत बसू नकोस. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण ती काही बातमी नाही. तू होस्टेलवर गेलीस त्याला तीन महिने झाले. तिथे तुझं पोट शांत आहे, वजनही चार किलो वाढलं, असं तुझ्या बापाने सांगितलं. ऐकून बरं वाटलं. वाईटही वाटलं, ते का ते पुढे येईलच. फोन करणार होते, पण फोनवर समोरचा मधेच बोलतो.

इकडे काम अंगावर आलंय. शाळेच्या वाचनालयाची दोनशे पुस्तकं बांधायला आलीत, निम्म्यांच्या पाठी उसवलेल्या. खालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारचा शिंपी विचारत होता, "भाची कधी येणार तुमची? ती गेल्यापासून तुम्ही माझ्यावरच ओरडता." म्हटलं, तू तुझी मशीन चालव.

बरं. तुझी टूथपेस्ट संपली.

तीच, न्हाणीघराच्या फळीवर विसरून गेलीस ती. ना फेस, ना वास. तू ती आणलीस तेव्हा मी काय बोलले ते तुला पाठ असेल. "दात घासायलाही गव्हाचं पथ्य? आम्ही राखेने घासले, मेलो नाही." तू ऐकून घेतलंस. आधी कंपनीला पत्र लिहून विचारलं होतंस, यात गव्हाचा अंश आहे का म्हणून. साबण बदललास, ओठांना लावायची डबी बदललीस, ताटवाटी वेगळी केलीस. तरी आठवड्यातून दोनदा पोट धरून, भिंतीला टेकत बाहेर यायचीस. डॉक्टरीण म्हणाली, कुठून तरी पीठ पोटात जातंय, हिला कणभरही पुरतं.

आणि मी म्हटलं, "कुठून तरी कशाला? बाहेर चोरून पाव खात असेल." तुझ्या तोंडावर म्हटलं. वर तुझ्या बापालाही कळवलं. त्याने तुला झापलं आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. मी दारात उभी होते. "जा, तिथे कोण लाड करतं बघू," असंही म्हटलं. तेवढं बाकी होतं.

आता ऐक. ती टूथपेस्ट मीपण वापरत होते.

माझी हिरड्यांना झोंबायची. दोन दात हलतात माझे, कुणाला सांगितलं नव्हतं, उगाच बोभाटा नको. एकदा तुझी लावून बघितली, काही झोंबलं नाही. मग रोजचंच झालं. दुपारी काम थांबवलं की, तू कामावर असताना. ब्रश टोचतो म्हणून बोटाने. एवढी नावं ठेवल्यावर मागायची कुठल्या तोंडाने?

पेस्ट जास्त आली की बोटाने परत आत ढकलायची. वाया का घालवा? आणि बोटं कुठली, तर सकाळभर पुस्तकांना खळ लावलेली. हात मी फडक्याला पुसते, तुला माहीत आहे. पाण्याने धुवायचे ते जेवायला बसताना.

खळ म्हणजे शिजवलेलं गव्हाचं पीठच की गं. चाळीस वर्षं शिजवतेय. पण मला ते पीठ वाटतच नाही, मला ती खळ वाटते. तू सगळं घर तपासलंस, पण माझी बोटं कोण तपासणार?

परवा ट्यूब दाबून काही येईना. पुठ्ठा कापायच्या सुरीने उभी चिरली. तोंडाशी आतून कडं जमलं होतं. पिवळट, कडक, नख लावलं की कट्कन तुटणारं. टूथपेस्ट अशी वाळत नाही. वर त्यात लाल धागा, माझ्या बांधणीच्या कापडाचा. तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर निकालही चोरानेच दिला.

तुझ्या बापाला काल सांगितलं. म्हणाला, "ताई, तू मला माझ्या पोरीवर ओरडायला लावलंस." म्हटलं, हो, लावलं. आता तू तिला तुझ्या तोंडाने सांग, मी माझ्या हाताने लिहिते.

औषधवाल्याकडेही जाऊन आले. त्याला म्हटलं, डब्यांवरचं बारीक अक्षर वाचून दाखव. "आजी, मागे रांग आहे." म्हटलं, रांगेलाही ऐकू दे. बिचाऱ्याने टूथपेस्ट, साबण, हाताला लावायचं मलम, सगळं वाचलं. मलमात गव्हाचं तेल निघालं. ते मी रोज लावत होते, त्याच हातांनी तुझी वेणी घालत होते. फेकून दिलं.

खालच्या खोलीत आता खळ शिजत नाही. बाजारचा पांढरा गोंद आणलाय. त्याला ना वास ना माया, पण पुस्तकं चिकटतात. खळीचं पातेलं भंगारात दिलं. शिंपी म्हणाला, "आज सूर्य कुठून उगवला?"

परत ये असं मी म्हणणार नाही. तिथे तुझं पोट बरं आहे, आणि आत्या काही पोटापेक्षा मोठी नाही. फक्त न्हाणीघरातल्या अगदी वरच्या फळीवर तुझी नवी ट्यूब ठेवली आहे. सील तसंच आहे. शिंप्याला स्टुलावर चढवून ठेवून घेतली, माझा हात तिथवर पोचत नाही. मुद्दामच. एका दिवसासाठी आलीस तरी तूच काढ, तूच फोड.

पाकीट हात साबणाने दोनदा धुऊन बंद केलंय. नव्या गोंदाने. बिनधास्त उघड.

तुझी
चोरटी आत्या